दोन सर्व्हर आणि रुखमिणीचा आवाज

त्या सकाळी करडीच्या आमच्या शेतकरी कंपनीच्या ऑफिससमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बाया ओट्यावर बसल्या होत्या, माणसं चिखलात उभी होती. टेबलावर कंपनीचा लॅपटॉप होता. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचा हार घातलेला, पुढे नारळ फोडलेला. नारळाचं पाणी कीबोर्डात गेल्यामुळे काही अक्षरं उमटत नव्हती. त्यालाही लोक चमत्कारच म्हणत होते.

मग सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

"राम राम भाऊ, राम राम बाई. रुखमिणी बोलून राहिली. आज करडीत ढगाळ राहील. दुपारून पाऊस येईल. तलावाचं पाणी आज सुटणार नाही."

रुखमिणी माझी बायको. तिची तेरवी होऊन गेली होती.

दुपारी पाऊस आला. लोक मला म्हणाले, "पाहा यादोराव, मेल्यावरही बाईले आजचा पाऊस समजते." मलाही तेच वाटत होतं.

रुखमिणी कंपनीची अध्यक्ष होती. कोणाचं किती धान आलं, भाव काय, सकाळी कोणाला फोन करून काय सांगायचं, हे सगळं काम भाड्याच्या सर्व्हरवर चालायचं. सर्व्हर म्हणजे दूर शहरात ठेवलेला कॉम्प्युटर, आपण तो इंटरनेटवरून वापरायचा. त्याला क्लाउड म्हणतात, पण त्यात ढगाचं काही नाही. एसी लावलेल्या खोलीतलं यंत्र असतं ते.

त्या यंत्राला चालवणारी प्रणाली विंडोज घ्यावी की लिनक्स, यावर संचालकांचं जमत नव्हतं. विंडोज ऑफिसात सगळ्यांच्या ओळखीचं, पण परवान्यापायी त्याचं भाडं जास्त. लिनक्सला तो परवाना लागत नव्हता, पण पडद्यावर नुसत्या अक्षरांच्या ओळी. बिघडलं तर करडीत कोणाला उमगणार? दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी रुखमिणी म्हणाली, "भांडता कायले? दोघायलेही पाळी द्या. जो नीट काम करीन तो ठेवू."

आमच्या तलावाचं पाणी पाळीनं मिळतं. पाणी वाटणारा पाणकर एका अंगाचा पाट बंद करतो, दुसऱ्या अंगाचा उघडतो. तिनं सर्व्हरचं तसंच केलं. एक विंडोजचा घेतला, एक लिनक्सचा घेतला, दोघांवर तेच काम चढवलं. एक महिना फोन विंडोजवाल्यानं करायचे, पुढचा महिना लिनक्सवाल्यानं. पाळी आपोआप बदलायची. रोज सकाळी रुखमिणी ऑफिसात जायची आणि सगळ्यांच्या फोनवर तिचा आवाज यायचा.

विंडोजची पाळी चालू होती तेव्हा तिला ताप आला. धानाची रोवणी आटोपली होती, अंग दुखत होतं, काखेत एक काळा डाग पडला होता. आम्ही साधा ताप समजलो. भंडाऱ्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं हा ताप येतो, लवकर आणलं तर गोळ्यांनी बरा होतो. आम्ही लवकर नेलं नव्हतं.

ती आजारी पडली आणि सकाळचे फोनही बंद पडले. तेरवीच्या सकाळी ते पुन्हा सुरू झाले, तिच्याच आवाजात. माझ्या हातातल्या पत्रावळी खाली पडल्या. दुसऱ्या दिवशी फोन वाजायच्या आधीच मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसलो. भेटायला जायचं असावं तसा.

भोजराज महाराज तेरवीच्या जेवणालाच आला होता. जेवला आणि राहिला. त्याचं पूर्वी कारध्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान चाललं नाही, मग दाढी वाढवली.

"एक यंत्र बाईसंगं मेलं!" तो ओट्यावरून ओरडायचा. "दुसऱ्यानं तिले जागा देल्ली! काहून? विंडोज म्हणजे खिडकी. खिडकीत आत्मा टिकते का? निघून जाते! आन् लिनक्सच्या चिन्हावर पेंग्विन असते, पाण्यातला पक्षी. वैतरणीच्या पलीकडून त्यानंच आणलं मायले!"

"महाराज, तो पक्षी तं बर्फातला आहे म्हणतेत," मागून कोणीतरी म्हणालं.

"मंग हिमालयात बर्फ नाही तं काय गिट्टी असते, मूर्खा?"

लोक हसले आणि हात जोडले.

आवाज फक्त ऊन, पाऊस आणि पाण्याचं सांगायचा. त्यानं भोजराजचं काही अडलं नाही. कोणी लग्नाचं विचारलं आणि आवाज "ढगाळ राहील" म्हणाला, की तो सांगायचा, "पोरीकडचे लोक काहीतरी लपवून राहिले." कोणाची गाय हरवली आणि "पाणी सुटेल" आलं, की गाय पाटाच्या अंगाला शोधा. सापडली तर रुखमिणीमायची कृपा. नाही सापडली तर विचारणाऱ्याचं मन साफ नव्हतं.

मग रंभाबाई तापानं पडली. आमच्या शेजारची, रुखमिणीच्या बरोबरीनं रोवणीला जाणारी. तिचा मुलगा वीरेंद्र नारळ घेऊन ऑफिसात आला. सकाळी आवाज आला, "तलावाचं पाणी आज सुटणार नाही." भोजराजनं डोळे मिटले. "माय म्हणते, बाईले घरातून सोडू नका. उंबरठा ओलांडला का गेली."

वीरेंद्रनं मान डोलावली. दोन दिवस रंभाबाई खाटेवर कण्हत पडून होती.

शनिवारी माझी मुलगी उर्वशी नागपूरहून आली; अंत्यविधीनंतर ती परत गेली होती, तेरवीला तिला येता आलं नव्हतं. ती तिकडे कंपन्यांचे सर्व्हरच सांभाळते. मी मोठ्या आशेनं तिला सकाळचा फोन ऐकवला. तिनं ऐकला, डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, हे मायनं माझ्या खोलीवर बसून रेकॉर्ड केलं होतं. एक एक तुकडा. गावांची नावं वेगळी, वार वेगळे, ऊन वेगळं, पाऊस वेगळा. सर्व्हर हवामान खात्याचा अंदाज आणि तलावाच्या पाळीचं वेळापत्रक पाहते आणि तुकडे जोडते."

"रोज ऑफिसात जाऊन बोलत नव्हती का?"

"नाही बाबा. रोज जायची ते सर्व्हर सुरू आहे का पाहायले. विंडोजवाला नवीन दुरुस्त्या घेऊन आपोआप बंद-चालू होते. मायनं तिथं प्रोग्राम हातानं उघडून ठेवला होता. बंद पडला का ती पुन्हा उघडायची. ती दवाखान्यात गेली, मंग कोण उघडन? लिनक्सवर मी सांगून ठेवलं होतं, बंद-चालू झाला का स्वतःच काम सुरू कर म्हणून. त्याची पाळी तेरवीच्या दिवशी आली, एवढंच. विंडोजलेही तसं सांगता येते. आमचं राहून गेलं."

मला राग आला. "तुले काय जाते उर्वशी? ऐकू दे न मले."

"तुम्ही ऐका बाबा, जन्मभर ऐका. मी सगळे तुकडे तुम्हाले देते. पण रंभामावशीच्या काखेत डाग आहे. मी आत्ताच पाहून आली."

मी चप्पल घातली.

ऑफिसात गर्दी होती आणि पाऊस टिनावर असा कोसळत होता की ओरडून बोलावं लागत होतं. उर्वशीनं आपला लॅपटॉप उघडला. "महाराज, माय काय बोलन आता?"

"देवाची परीक्षा पाहता काय?" भोजराज म्हणाला.

"मंग वीरेंद्रभाऊ, तूच सांग. काय बोलवू?"

वीरेंद्र गोंधळला. छपराकडे पाहून म्हणाला, "ऊन म्हणव."

तिनं चार अक्षरं टाइप केली. सगळ्यांचे फोन वाजले.

"राम राम भाऊ, राम राम बाई. रुखमिणी बोलून राहिली. आज करडीत कडक ऊन पडेल. फवारणी करून घ्या."

टिनावर पाऊस वाजत होता. उर्वशीनं पुन्हा बोट दाबलं. आवाज म्हणाला, पाणी सुटेल. मग म्हणाला, सुटणार नाही. मग पुन्हा म्हणाला, सुटेल. तोच मायाळू सूर, तोच थोडा बसलेला गळा.

"ऊन म्हणजे बाहेरचं ऊन नाही, भावहो!" भोजराज उठला. "आत्म्याचं ऊन! माय कोपली आहे!"

मी आयुष्यात कधी सभेत बोललो नाही. तेव्हा बोललो. "भोजराज, खाली बस. एवढ्या पाण्यात फवारणी करा असं माही बायको कधी म्हणाली नसती. औषध वाहून जाते, हे तिले समजत होतं. अंगणात येऊन हात पुढे करून पाऊस पाहायची, मंग बोलायची. ह्या आवाजाले पाऊस दिसत नाही. ही ती नाही."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. ही ती नाही.

वीरेंद्र कोणाला काही न विचारता घराकडे पळाला. थोड्या वेळानं त्याची गाडी रंभाबाईला घेऊन भंडाऱ्याकडे गेली. भोजराज त्याच गडबडीत निघून गेला. हार मात्र लॅपटॉपवर तसाच राहिला.

रंभाबाई वाचली. तोच ताप होता, गोळ्यांनी उतरला. घरी आल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि खूप रडली. मी तिला पाणी दिलं. ती वाचली याचा मला आनंद झाला, आणि त्याच गोळ्या, तोच रस्ता, तोच दवाखाना रुखमिणीसाठीही होता, हे त्या आनंदातून काही केल्या जाईना.

संचालकांनी भाडं पाहून लिनक्स ठेवलं. त्यात आत्मा आहे म्हणून नाही. काय करायचं ते सांगून ठेवलं की ते करतं, आणि ते शिकवायला उर्वशी आहे, म्हणून. सकाळच्या फोनसाठी दुसऱ्या बाईचा आवाज घेतला. तो बदल मीच मागितला. पहिले काही दिवस मी फोन उचललाच नाही.

तुमचंही कोणी गेलं असेल. त्यांचा आवाज फोनमध्ये असेल तर ऐका, रडा, त्यात काही वाईट नाही. पण त्यांच्या नावानं कोणी तुम्हाला हुकूम सांगू लागला, तर एवढं विचारा, ते माणूस जिवंत असतं तर असं म्हणालं असतं का? आणि घरात कोणाला ताप असेल तर हेही विचारत बसू नका. आधी दवाखान्यात न्या.