मैद्याच्या पोत्याचा दोरा

दोन वाजता ते कापड काचेआड कायमचे बंद होणार होते, आणि त्याखाली कुणाचे नाव लागेल हे माझ्या सहीवर अवलंबून होते.

ते कापड जिथे विणले गेले, ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातले प्रयोगशील कॉलेज साठ वर्षांपूर्वी बंद पडले. परीक्षा नाहीत, गुण नाहीत. प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून भिंती बांधत, मका खुडत. विणकामशाळेत एकच नियम होता. कापड मागावरून उतरले की उसवायचे आणि धागा पुढच्या विद्यार्थ्याला द्यायचा. पूर्ण करणे हा तिथे दोष होता. म्हणूनच किनार दुमडून शिवलेले हे एकमेव कापड मिळाले, तेव्हा मी ते डोरोथिया क्लाइन या विद्यार्थिनीचे ठरवले आणि माझ्या पुस्तकात ‘पूर्णत्वाचे बंड’ या मथळ्याखाली अकरा पाने लिहिली. विद्यार्थी शेतावर गेले की दुपारी मागावर कोण बसत असेल, हा प्रश्न मला तीस वर्षांत पडला नाही.

विल्हेल्मिना ग्रीनली यांना उत्तर ठाऊक होते, कारण तेव्हा त्या मागाखाली खेळत असत. त्यांची आई ओला मे कॉलेजात स्वयंपाक करी आणि दुपारी रिकाम्या मागावर विणी. सर्व माणसे समान, हे वाक्य त्या कॉलेजच्या प्रत्येक पत्रकावर होते. स्वयंपाकघराला दरवाजा मात्र मागून होता. ओला मे हिला उसवण्याचा नियम कुणी सांगितला नव्हता. स्वयंपाकिणीला नियम सांगण्याइतके तिथे कुणी प्रयोगशील नव्हते.

संग्रहालयाचे संचालक प्रेस्कॉट होलकोम यांनी कापड आपल्या आईचे आहे हे सांगायला आलेल्या विल्हेल्मिनाबाईंना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि आठवणींचे मोल अपार असले तरी आठवण म्हणजे पुरावा नव्हे, असे अतिशय मार्दवाने समजावले. असे मार्दव आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

बाईंनी कॉफीला हात लावला नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंनी माझ्याकडे पाहिले.

“पोरी, पुस्तक तूच लिहिलंस ना? किनारीच्या त्या टाक्याला काय म्हणालीस?”

मी साठीची आहे. साखळी टाका, मी म्हणाले. भरतकामाच्या परंपरेशी साधलेला संवाद, असेही लिहिले होते.

“संवाद कसला? मैद्याचं पोतं असंच शिवलेलं असतं. बरोबर टोक ओढलं की एका दमात उघडतं. आई दोरा राखून ठेवायची आणि फडकीही तशीच शिवायची, धुताना उसवता यावीत म्हणून. टोक डाव्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत आहे. मक्याच्या दाण्याएवढी गाठ.”

होलकोम म्हणाले, वस्तूला हात लावता येणार नाही. गाठ नसली तर कापड फाटेल. जबाबदारी कोण घेणार?

सव्वा वाजला होता. मी हातमोजा काढला आणि दुमडीत बोट घातले. पाने छापली तेव्हा हे करायला मला कुणी अडवले नव्हते. बोटाला काही लागले नाही. होलकोमांनी श्वास सोडला. मी बोट आणखी आत सरकवले. टणक, गोल, लहान.

“सोडव,” बाई म्हणाल्या. “आणि ओढ. घाबरत ओढलंस तर अडकेल.”

गाठ सोडवायला चार मिनिटे लागली. त्या अवधीत होलकोमांनी दोनदा माझे पूर्ण नाव पदवीसकट उच्चारले. मग मी ओढले. टाके एकामागून एक सुटत गेले, आणि हातभर लांबीची किनार कुठेही न अडकता टेबलावर उलगडली.

बाईंनी दोरा उचलून दोन बोटांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

होलकोमांचा आवाज बारीक झाला होता. “बाई, हे पुन्हा शिवता येईल? आत्ता, दोनच्या आत?”

“येईल की. दहा मिनिटांचं काम.” त्यांनी पर्सची कडी लावली आणि पर्स मांडीवर घेतली. “आधी पाटी छापून आणा. आडनाव ग्रीनली, शेवटचा ‘ली’ दीर्घ. मी बसते.”

होलकोमांनी माझ्याकडे पाहिले. सहीचा कागद माझ्यापुढेच होता. डोरोथिया क्लाइनच्या नावावर मी रेघ मारली आणि नवे नाव लिहायला पेन होलकोमांकडे सरकवले.