आभार मानणारी बाई

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. बीडच्या एका सरकारी कचेरीत, अडगळीच्या खोलीतल्या बाकड्यावर पडून असतो. माझ्या अंगावर बोटभर धूळ आहे, हे खरे. पण मी बिघडलेला आहे असे जे कागदावर लिहिले आहे, ते साफ खोटे आहे. आज वीज दिलीत तर आजही माझा दिवा लागेल, चाके फिरतील आणि कर्ण्यातून खणखणीत आवाज येईल. मग मला बाद कोणी केले आणि कशासाठी, ते ऐका. गोष्ट गोड नाही, आधीच सांगतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. माझी भिंगे बसवणारा कारागीर श्वास रोखून काम करायचा, कारण तोंडाची वाफसुद्धा काचेला चालत नसे. एवढ्या लाडात वाढलेला मी खाकी पेटीत बसून बीडला आलो आणि पुढची वीस वर्षे जीपमध्ये आदळत गावोगाव फिरलो. नारूचा रोग, युरिया, दोन मुलांचे सुखी कुटुंब, सगळे मी दाखवले. पडदा बांधला की पोरेबाळे माझ्याभोवती गर्दी करायची आणि म्हातारी माणसे मला हात लावून नमस्कार करायची. मला ते आवडायचे. का लपवू?

मला चालवणारा उत्तरेश्वर नेकनूरचा होता. रोजंदारीवर होता, आज ना उद्या कायम होईन या आशेवर जगणारा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फिल्मांमधला आवाज इंग्रजी असायचा. तो बंद करायचा, माझ्याच अंगात माईकची वायर खुपसायची आणि वरून आलेला मराठी कागद वाचायचा, अशी रीत होती. उत्तरेश्वर कागद हातात धरायचा, त्याच्याकडे बघायचा, पण सांगायचा मनातले. युरियाच्या फिल्ममधल्या पंजाबी शेतकऱ्याला तो नाव द्यायचा, सासू द्यायचा, सासूशी भांडणही लावून द्यायचा. कागदावर चार ओळी असल्या तरी हा अर्धा तास बोलायचा. आवाज भरदार, अक्षरही मोत्यासारखे. लोक म्हणायचे, "उत्तरेश्वर सांगतोय म्हंजी खरंच आसंल." कर्णा माझा होता, म्हणून त्या कौतुकातला थोडा वाटा मी स्वतःला घेत असे.

मग दिवस पालटले. छतांवर डिशच्या छत्र्या उगवल्या, तेलगावच्या फाट्यावर नव्या कंपनीचा कोला मिळू लागला आणि आम्हाला कोणी विचारेनासे झाले. अशा वेळी वरून एक फिल्म आली. आफ्रिकेतले देश गोऱ्यांच्या राज्यातून कसे सुटले, त्याची ती फिल्म होती, आणि काढलेली होती गोऱ्यांनीच. तिच्यात एक झेंडा उतरायचा, दुसरा चढायचा, साहेब टोपी काढून हात मिळवायचा. सोबतच्या कागदावर लिहिले होते की गोऱ्या राज्यकर्त्यांनी या मागास जनतेला शिकवून शहाणे केले आणि मग स्वातंत्र्य बहाल केले. काळी माणसे तिच्यात शेकड्यांनी दिसत. त्यांची तोंडे हलत. पण मित्रांनो, ती फिल्म माझ्या पोटातून गेली आहे, म्हणून सांगतो. तिच्यात आवाज एकाच गोऱ्या गृहस्थाचा होता.

माजलगावच्या बाजूला एका साखर कारखान्यावर आम्ही ती घेऊन गेलो. त्या दिवशी यंत्र बिघडून गाळप थांबले होते आणि ऊसतोडीच्या टोळ्या रिकाम्या बसल्या होत्या. भर दुपारी रिकाम्या गोदामाच्या खिडक्यांना बारदान लावून अंधार केला. पुढे खुर्चीवर टोळीचा मुकादम मोहनराव बसला. मागे जमिनीवर त्याची माणसे बसली, त्यांत छबुबाई होती. आठ दिवसांपूर्वी तिचा नवरा गहिनीनाथ कालव्यात मेलेला सापडला होता. दारू पिऊन पडला, असे सगळे म्हणत होते. तिसऱ्या दिवशी छबुबाई पुन्हा फडात मोळ्या बांधत होती. बसून राहायला तिला कोण देणार?

फिल्म निम्मी झाली आणि पडद्यावर उसाचे शेत आले. एक काळी बाई हातात कोयता घेऊन आमच्याकडे तोंड करून काहीतरी सांगू लागली. तिच्या मागे टोपीवाला साहेब उभा होता. आयत्या वेळी काही न सुचून उत्तरेश्वरने कागद वाचला, "ही बाई नव्या घराबद्दल सरकारचे आभार मानत आहे."

"खोटं हाय त्ये," छबुबाई उठून म्हणाली.

गोदाम हसले. मोहनरावाने मान वळवली. "कावून गं? तुला इंग्रजी येतं व्हय?"

"न्हाई येत. पर ती दर दोन शब्दाला मागं बगतीय. आभार मानणारी बाई मागं कावून बगंल?"

उत्तरेश्वरमधला गोष्टी सांगणारा खूश झाला. त्याने फिल्म मागे घेतली आणि पुन्हा दाखवली. खरेच की! बाई दर दोन शब्दांना मान मागे वळवत होती, आणि वीस वर्षे जग दाखवणाऱ्या मला ते दिसले नव्हते. लोक आणखी हसले. त्या हसण्याच्या भरात उत्तरेश्वरने तिसऱ्यांदा फिल्म मागे घेतली आणि माईक छबुबाईच्या हातात दिला. "मग तूच सांग की, ती काय म्हणतीय."

छबुबाईने माईक कोयत्याच्या मुठीसारखा घट्ट धरला.

"ती म्हणतीय, माजा माणूस दारू पेत न्हवता. त्येची माय आजारी हुती, त्येला गावाकडं जायाचं हुतं. मुकादमानं त्येला गाडीच्या खुट्यानं मारलं. बैलाला बी आसं मारत न्हाईत, बैल कामाचा आसतोय. मग कालव्यात टाकलं. पोलीस आलते तवा मुकादम माज्या मागं उभा हुता. म्हून मी बी म्हनले, पिऊन पडला."

हसू कुठल्या कुठे गेले. तिचा एकेक शब्द माझ्या कर्ण्यातून निघाला आणि गोदामाच्या पत्र्यावर आदळून परत आला. फिल्म संपली, तिचे टोक माझ्या चाकावर फटफट आपटत राहिले. मग मोहनरावाने हळूहळू टाळ्या वाजवल्या.

"लई चांगली गोष्ट सांगितली," तो म्हणाला. "आफ्रिकेतले मुकादम लई वाईट आसत्यात बगा."

दोन दिवसांत आमच्या कचेरीवर तक्रार आली की सरकारी माईकवरून सभ्य माणसाची बदनामी झाली. वर खुलासा पाठवायचा होता, सोबत छबुबाईचा जबाब जोडायचा होता. कचेरीचे साहेब अर्जुनराव दार लावून बसले. मी कोपऱ्यात होतो. साहेबांनी सांगायला सुरुवात केली आणि उत्तरेश्वर लिहू लागला. 'यंत्रात बिघाड होऊन कर्ण्यातून खरखर आली. मी माईकवर काहीही बोलले नाही. माझा नवरा दारू पिऊन कालव्यात पडला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

उत्तरेश्वरची लेखणी थांबली. "साहेब, मी सवता ऐकलंय की वो."

"तुझी कायमची ऑर्डर हितं टेबलावर हाय," अर्जुनराव शांतपणे म्हणाले. "सही करू का फाडू?"

लेखणी पुन्हा चालू लागली. अक्षर नेहमीसारखेच सुंदर आले.

दुसऱ्या दिवशी छबुबाई आली. तिला ओढून आणावे लागले नाही, मित्रांनो. सरकार आपला जबाब घेणार म्हणून ती आनंदाने, धुतलेले लुगडे नेसून आली होती. तिला एवढेच हवे होते की गहिनीनाथ कसा मेला ते कागदावर यावे. "लिव्हणार ना समदं?" तिने दारातूनच विचारले.

"लिव्हलंय. ऐक," उत्तरेश्वर म्हणाला. त्याने तो कागद हातात धरला, त्याच्याकडे बघितले आणि वाचल्यासारखे केले. कागदात जे नव्हते ते सगळे त्याने वाचले. आजारी माय, गाडीचा खुटा, कालवा, मागे उभा असलेला मुकादम, तिचे सगळे शब्द जसेच्या तसे, त्याच भरदार आवाजात. छबुबाई ऐकता ऐकता रडू लागली. "आसंच," ती म्हणाली, "आगदी आसंच." मग तिने निळ्या शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर व त्याच्या प्रतीवर उमटवला. अर्जुनराव खिडकीतून बाहेर बघत होते. माझ्या कर्ण्यात आवाज होता, पण मला वीज कोण देणार? उत्तरेश्वरचा मला तेव्हा जेवढा राग आला तेवढा कधी कोणाचा आला नाही, आणि आजही तो कमी झालेला नाही.

उत्तरेश्वर कायम झाला. त्याला नवे व्हिडिओ यंत्र मिळाले. आणि यंत्रात बिघाड आहे असे खुद्द बाईच्या जबाबातच आहे म्हटल्यावर मला बाद करणे भागच होते. पुरावा म्हणून त्या जबाबाची एक प्रत, तिच्याच अंगठ्यासह, माझ्या मुठीला सुतळीने बांधली आहे.

दर चैत्रात हंगाम संपला की छबुबाई बीडच्या स्टँडवर उतरते आणि चालत इथे येते. उत्तरेश्वरसाठी पदरात शेंगा आणते. "कागदाचं काय झालं?" ती विचारते. "वर गेलाय," तो शेंगा सोलत सांगतो. मागच्या चैत्रात उन्हाने दमून ती याच खोलीत, माझ्याशेजारी बाकड्यावर टेकली. सुतळीला बांधलेल्या कागदाकडे तिचे लक्ष गेले.

"ह्यो माजा आंगठा दिसतोय."

"तुजाच हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "जपून ठिवलाय."

तिने त्या कागदाला हात लावून तो कपाळाला लावला. "तुमच्यावानी सांगनारा भेटला म्हून बरं. न्हाई तर आमचं कोन लिव्हतंय?"

फिल्ममधली ती बाई खरोखर काय म्हणत होती, ते मला आजही ठाऊक नाही. छबुबाईने सांगितले ते छबुबाईचे होते. त्या बाईचे अजून कोणीच सांगितलेले नाही.

म्हणून मित्रांनो, मला पुसून ठेवा, तेल घाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी धुळीत बरा आहे. पण तुम्हाला वाचता येते. येत्या चैत्रात ती पुन्हा येईल. तेव्हा तुमच्यापैकी कोणी इथे असेल, तर माझ्या मुठीची सुतळी सोडा आणि तो कागद तिला आहे तसा वाचून दाखवा. ती मध्येच थांबवील, खोटे म्हणेल, कदाचित तुम्हालाच शिव्या देईल. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.