'जाते' म्हणायचं नाही

रश्मीबाई डहाणूच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. नरपडला चिकूच्या वाडीतल्या गेस्टहाऊसात काम करणाऱ्या बायकांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायला लागल्या, तरी प्रयोगशाळा काही डोक्यातून उतरली नाही. चूक पुसायची नाही. नाव न लिहिता फळ्यावर मांडायची आणि का झाली ते सगळ्यांनी शोधायचं. ही पद्धत आपण शोधली, असा त्यांचा समज होता. तो कुणी खोडला नव्हता, कारण त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारी कविता रडवेली होऊन आली. आदल्या दिवशी दुपारचं जेवण मांडून घरी निघताना ती पाहुण्यांना 'आय ॲम कमिंग' म्हणाली होती. पाहुणे बिचारे तिची वाट बघत बसले, जेवण थंडगार.

"शेठ आज बोलले, उद्या परत असं झालं तर सोमवारपासून येऊ नको."

रश्मीबाई मनातून खूश. नमुना उत्तम होता! लगेच फळ्यावर चढला.

"'आय ॲम गोइंग' का नाही म्हणालीस?"

"निघताना 'जाते' कसं म्हणू, बाई? अशुभ बोलणं ते."

"माझी सासू झाडू घेऊन मागे लागेल," शेजारी बसलेली हिरी म्हणाली.

शब्द आणि मरण यांच्यात कार्यकारणसंबंध नसतो, हे बाईंनी बराच वेळ समजावलं. कविताने तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही निघत तोंडातून."

वर्ग संपला. बाईंनी पर्स उचलली, ऐटीत "ओके, आय ॲम कमिंग" म्हणाल्या आणि चालू पडल्या. रस्त्यावर रिक्षा मिळेना. मागे वळून पाहिलं, तर वर्गातला दिवा चालूच. त्या परत आल्या. सगळ्या जणी जागच्या जागी बसलेल्या.

"घरी नाही गेलात?"

"तुम्ही येते बोललात ना," हिरी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "मराठीत बोलला असतात तर गेलो असतो."

हसण्याचा कल्लोळ झाला. नाव न लिहिण्याचा नियम बहुमताने मोडण्यात आला आणि फळ्यावर रश्मीबाईंचं नाव चढलं, तेही लाल खडूने.

"आता सांगा बाई, चूक का झाली?"

कार्यकारणसंबंध कामाला आला नाही. "माझ्याही तोंडातून नाही गं निघत," बाई म्हणाल्या.

कविता फळ्याकडे बघत राहिली. "मग जाणं-येणं बोलूच नये. परत कधी भेटणार, तेवढंच सांगायचं."

"सी यू टुमारो!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

रविवारी संध्याकाळी कविता वर्गात उशिरा शिरली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"बोलले मी तसं. पाहुण्यांनी हात हलवला आणि जेवायला बसले."

"आणि शेठ?"

"काय नाय बोलले. उद्या लवकर ये म्हणाले, येताना पाव आण."