दोन मुठींची करवत

मी करवत बोलतेय. आधीच माफी मागते. माझं बोलणं लिहून घेतोय तो या लाकडाच्या वखारीतला धाकटा मुलगा. त्याची शाळा लवकर सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. भुशात राहणाऱ्यांना दुसरे कुठून येणार?

मी पुरुषभर लांब आहे, दोन्ही टोकांना एकेक मूठ. एकट्यादुकट्याचं माझ्यापुढे काही चालत नाही. बाबांनी मला वखारीत आणलं आणि थोरल्या दोघा मुलांच्या हाती देताना एवढंच सांगितलं, "ढकलायचं नाही. आपली पाळी आली की ओढायचं, दुसऱ्याची आली की हात सैल सोडायचा."

थोरला मोजकं बोलायचा. मधल्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"दादा, ओढतोयस की झोपलायस?"

"तू बोलायचा थांबलास की ओढतो."

"मग आज हा ओंडका काही कापून होत नाही!"

पण माझी लय कधी चुकली नाही. फळी सुटली की बाबा तिच्या कडेला डोळा लावून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ती त्यांची शाबासकी.

मग युद्ध आलं. दवाखान्याच्या बाकांसाठी आणलेला जाडजूड ओंडका अर्धा कापून झाला होता, तेव्हाच दोघांना बोलावणं आलं. मधल्यानं कापात पाचर ठोकली. "हा आमचा आहे हं. कोणी हात लावायचा नाही. आल्यावर पुरा करू."

ते आले नाहीत. दोघांची बातमी एकाच दिवशी आली.

बाबांनी मला खिळ्यावर टांगलं. गंजू नये म्हणून तेल लावायचे, पण कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. ओंडका अंगणात तसाच. कापात पाणी शिरून लाकूड काळं पडायला लागलं.

धाकटा एकदा धीर करून म्हणाला, "बाबा, ओंडका कुजतोय."

"कुजू दे. त्यांचा काप आहे तो."



एक दिवस काठी टेकत एक माणूस आला. दोघांच्या तुकडीतला. त्यानं सांगितलं, की दोघांकडे जखमींना उचलून आणायचं काम होतं. स्ट्रेचरच्या पुढे थोरला, मागे मधला.

"इतरांनी उचललं की हिसक्यांनी जीव जायचा, बाबा. यांच्या स्ट्रेचरवर भरलेला पेला ठेवला असता तरी सांडला नसता. मी विचारलं, इतकं जमतं कसं? मधला म्हणाला, 'आमच्या म्हाताऱ्यानं शिकवलंय.' मला उचलून आणून सुरक्षित जागी ठेवलं आणि तसेच वळले. मी म्हटलं, थांबा रे, गोळे पडताहेत. थोरला म्हणाला, 'तिकडे एक जण हाका मारतोय.' तेवढंच."

पाहुण्याचा पाय दुखायला लागला. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो त्या ओंडक्यावरच टेकला. म्हणाला, "आत्ता दवाखान्यातूनच आलो. तिथं तर लोक जमिनीवर बसलेत."

बाबा उठले. मला खिळ्यावरून काढलं आणि धाकट्याला म्हणाले, "धर मधल्याची मूठ."

धाकटा घाबरून ढकलू लागला. माझं पातं वाकलं. "ढकलू नकोस रे!" बाबा म्हणाले. तो सावरला. थोड्या वेळानं मी पुन्हा अडले. या वेळी चूक त्याची नव्हती. त्याची ओढायची पाळी आली, तरी बाबांची मूठ काही सैल होईना.

"बाबा," धाकटा हळूच म्हणाला, "सोडा."

बाबांनी हात सैल केला. मी सरकले.

फळी सुटली तशी पाचर खाली पडली. बाबांनी ती खिशात घातली. मग फळीच्या कडेला डोळा लावून बघितलं आणि काही बोलले नाहीत.

दवाखान्यात बसायची वेळ तुमच्यावर न येवो. आलीच, तर बाकावरून एकदा हात फिरवा. रंधा मारूनही अर्ध्या फळीवर काळसर झाक राहिली आहे. तिथवर त्यांचा काप, पुढचा यांचा.

ती फळी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच धाकट्यानं कानस घेऊन माझे दात घासले, मला उरलेल्या ओंडक्यावर ठेवलं, मधल्याची मूठ धरली आणि एरवी ज्याचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नाही, त्यानं घराकडे तोंड करून हाक मारली, "बाबा, ओढायला येताय की झोपलायत?"