एका उंचीचे चार खांदे

बसा. मागं सरकून बसलात तरी चालेल, सुंभ सैल झालंय पण तुटणार नाही. हसनाबादची गाडी यायला अजून अवकाश आहे, आणि हा चहावाला एकदा स्टोव्हशी भांडायला लागला की गिऱ्हाइकाकडे बघत नाही. तोवर माझं थोडं ऐका.

मी या फाट्यावरची बाज. तुमच्यासारखे कितीतरी लोक रोज माझ्यावर बसतात, पिशवी मांडीवर घेतात, रस्त्याकडे डोळे लावतात आणि गाडी आली की मागं न बघता निघून जातात. माझ्यावर कधी कोणी निजलं असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही.

माझं गाव हे नव्हे. ते तिकडं, गिरजा नदीच्या पलीकडं. बाभळींच्या वर पांढरं टोक दिसतं ना, तो निंबखेड्याच्या मारुतीचा कळस. त्याच्या डाव्या हाताला मशिदीचा हिरवा रंग दिसेल. बौद्धवाड्याचा निळा झेंडा इथून दिसत नाही, वाडा उताराला आहे. मागं टेकडीवर जो धूर चढतोय तो लमाणांच्या तांड्यातला.

गावात दोन खोल्यांची शाळा होती. पोस्टाची पेटी होती, तिच्यात चिमण्या राहायच्या. पिठाची गिरणी होती. विहिरी दोन होत्या, आणि कोणी कुठल्या विहिरीवर जायचं हे कोणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. दवाखाना मात्र नव्हता. तो नदी ओलांडून, या फाट्यावरून पुढं. बाकी सोयी ज्याच्या त्याच्या वेगळ्या होत्या, नदी तेवढी सगळ्यांना सारखी आडवी यायची.

म्हणून सत्तर साली ग्रामपंचायतीनं मला करून घेतलं. कारभारी नावाच्या सुतारानं बाभळीचे पाय तासले, कडुनिंबाचे दांडे बसवले, केकताडाच्या सुंभानं मला घट्ट विणलं आणि चावडीच्या ओसरीत उभं केलं. आजारी माणसाला माझ्यावर निजवायचं, चौघांनी चार कोपरे खांद्यावर घ्यायचे आणि नदीतून फाट्यापर्यंत आणायचं, एवढंच माझं काम.

पहिलं माणूस निजलं ते म्हणजे गिरिजाबाई. मोठ्या शेतकऱ्याच्या घरातली विधवा, पाय घसरून मांडी मोडलेली. उचलायला घरचेच चौघं. कोणी ताडासारखा, कोणी ठेंगणा. नदीच्या मध्यावर मी अशी कलले की बाई अर्ध्या पाण्यात गेल्या. त्यांनी माझा दांडा जो धरला, त्या नखांच्या खुणा अजून आहेत. तुमच्या डाव्या हाताखाली बघा.

दुसऱ्या दिवशी कारभारीनं गावातल्या धडधाकट माणसांना चावडीच्या खांबाला उभं केलं आणि प्रत्येकाच्या खांद्याशी कोळशानं रेघ ओढली. चार रेघा एकीवर एक बसल्या. एक गिरिजाबाईंचा मुलगा सर्जेराव याची. दुसरी कापूस पिंजणाऱ्या मुनीरभाईची. तिसरी तांड्यातल्या थावरूची. चौथी बौद्धवाड्यातल्या तातेरावाची, जो मजुरीला जायचा. माणसाची उंची कोणाला विचारून वाढत नाही.

सर्जेरावाचे चुलते काकासाहेब गरजले, "आपल्या घरच्या बायका आता कोनाच्या बी खांद्यावर जातील का?"

मांडीला फळ्या बांधून पडलेल्या गिरिजाबाई आतून म्हणाल्या, "भावजी, मला पुन्हा पान्यात पडायचं न्हाई. कोन बी धरा, पर बराबर धरा."

तेव्हापासून कोपरे ठरले. पुढं डावीकडं सर्जेराव, उजवीकडं मुनीरभाई. मागं उजवीकडं थावरू, डावीकडं तातेराव. बाळंतीण असो, साप चावलेला असो, तापानं बडबडणारा म्हातारा असो, हे चौघं यायचे, खांद्यावर पंच्याची घडी ठेवायचे आणि मला उचलायचे. चौघांची पावलं एकदम पडायची. माझ्यावरच्या माणसाला झोपाळ्यात असल्यागत वाटायचं.

आजाऱ्याचं दुखणं विसरायला लावायचं म्हणून ते वाटभर भांडायचे. तोही एक रिवाजच पडला.

"डावी बाजू रोज जड कशी लागती रं?" सर्जेराव म्हणायचा.

"डाव्या बाजूला तुझी अक्कल असती," मागून तातेराव.

"अक्कल होती तो इतना वजन कायकू लगता?" मुनीरभाई म्हणायचा, आणि थावरू असा हसायचा की माझा मागचा कोपरा हलायचा. मग माझ्यावरचा माणूस कण्हता कण्हता म्हणायचा, "अरे, मला पाडता का हसून!"

पहिल्या वर्षी वाटेतल्या चिंचेखाली मला टेकवलं की जो तो आपापल्या तांब्यानं पाणी प्यायचा. बहात्तरच्या दुष्काळात नदीला पाणीच राहिलं नाही. त्या उन्हाळ्यात थावरूनं तांड्यावरून एक मडकं आणलं होतं, तेवढंच. चौघं त्याच मडक्यातून प्यायले. त्यानंतर तांबे आणणं बंद झालं.

पण हे सगळं माझ्याखालीच. परत येताना चावडी दिसू लागली की बोलणं कमी व्हायचं. वाटेत 'सर्जा' म्हणणारा तातेराव 'पाटील' म्हणू लागायचा. मला ओसरीत ठेवलं की चौघं चार वाटांनी जायचे. तातेराव कधी सर्जेरावाच्या अंगणात बसला नाही. मुनीरभाईनं तांडा आतून पाहिला नाही. कोणी आजारी पडल्याशिवाय त्यांना एकमेकांकडं जायला कारणच नव्हतं.

त्याच दुष्काळात सरकारी काम निघालं. फाट्यापासून गावापर्यंत खडी फोडायची. चौघं तिथंही होते, सर्जेरावसुद्धा, कारण त्याच्या शेतातही काडी उगवली नव्हती. दुपारी सुकडी मिळायची ती ओंजळीत घेऊन खायची आणि पुन्हा घण उचलायचा. आपण कशासाठी खडी फोडतोय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

त्या रस्त्यावर पुढं नदीत फरशी झाली, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल. फरशीवरून दुधाची जीप येऊ लागली. आजारी माणूस जीपमध्ये बसून जाऊ लागला. फार चांगलं झालं. वाटेत माझ्यावर जीव सोडलेली माणसं मला आठवतात, तेव्हा हेच म्हणते की फार चांगलं झालं.

माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या. शेळी निजू लागली. चावडीला चुना लागला आणि खांबावरची ती रेघही गेली.

तातेराव तेवढा कधीमधी यायचा. माझी पायथ्याची दोरी ताणायचा, गाठ मारायचा आणि आपल्या कोपऱ्यावर बसून राहायचा. घरी बायको केसरबाई विचारायची, कुठं गेल्ता? तो म्हणायचा, बाज सैल झाल्ती. एकदा तो असा बसलेला असताना मुनीरभाई लांबून पाहून धावत आला.

"कोन बीमार है रे तात्या?"

"कोनी न्हाई. दोरी ताणून राह्यलो."

"अच्छा. कोनीच न्हाई?"

"न्हाई."

"चलो, अच्छा है," मुनीरभाई म्हणाला आणि आपल्या कोपऱ्यावर टेकला. गावात कोणी आजारी नाही याचं वाईट वाटतंय, हे बोलायचं कसं? मुनीरभाई पंचा झटकून उठला. "चलता हूँ. थावरू भेटला तर सलाम सांग." थावरू रोज बाजारच्या वाटेनं जायचा, पण त्याला हाक मारून थांबवायला काय सांगायचं, हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात गावोगाव माथी भडकली होती. कुठल्या कुठल्या गावांत बौद्धांची घरं जळाल्याच्या बातम्या यायच्या. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण विहिरीवर, गिरणीवर माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली. बौद्धवाड्यातले बरेच जण लेकरंबाळं घेऊन पाहुण्यांकडं निघून गेले. तातेराव आणि केसरबाई राहिले.

अशात एका सकाळी तातेरावाच्या पोटात असं पिळवटलं की तो जमिनीवर गडाबडा लोळू लागला. रात्रभर पाऊस होता. फरशीवरून पाणी चाललेलं, जीप अडलेली. केसरबाई भिजत चावडीवर आली आणि एकटीनं मला पाठीवर घेऊन वाड्यात गेली. जाताना पिंजाऱ्याच्या दारात तिनं हाक मारली, "मुनीरभाई, तुमच्या तात्याला न्यायचंय." वाटेत जाणाऱ्या एकाला तिनं तांड्यावर पिटाळलं. सर्जेरावाच्या दारात तिनं हाक मारली नाही. कशी मारणार?

मुनीरभाई आला. थावरू टेकडीवरून घसरत आला, चिखलानं माखलेला. तातेरावाला माझ्यावर घातलं. इतकी वर्षं ज्याचा खांदा मला ठाऊक होता, त्याची पाठ पहिल्यांदा माझ्या सुंभाला लागली. अंग भट्टीसारखं तापलेलं.

"इसका कोना कोन पकडेगा?" मुनीरभाई म्हणाला.

"मी," केसरबाई म्हणाली. ती उंचीनं लहान. तिनं वाकळेच्या घड्यांवर घड्या घातल्या, खांद्यावर रचल्या आणि नवऱ्याच्या कोपऱ्याखाली शिरली. सर्जेरावाचा कोपरा मात्र रिकामा. मुनीरभाईनं पुढचा दांडा मधोमध डोक्यावर घेतला. मी डावीकडं कलत, हेलकावत निघाले.

नदीची वाट मधल्या गल्लीतून जाते. दारं बंद होती. एका दारात सर्जेराव उभा होता आणि ओट्यावर काकासाहेब.

"सर्जेराव, घरात हो," काकासाहेब म्हणाले. "आज त्या बाजेला हात लावलास तर भावकीत तुझं पान मांडायचं न्हाई कोनी."

सर्जेराव हलला नाही. आतही गेला नाही, बाहेरही आला नाही. मी त्याच्यासमोरून जात होते. तेवढ्यात माझ्यावरून, दुखण्यानं चिरकलेला आवाज आला.

"सर्जा, डावी बाजू जड लागून राह्यली रे यांना."

भर गल्लीत. पाटील नाही, सर्जा.

दाराआडून गिरिजाबाईंचा हात बाहेर आला. हातात पंच्याची घडी होती. त्यांनी ती घडी मुलाच्या खांद्यावर ठेवली आणि हात आत गेला.

सर्जेराव तीन ढांगांत आला आणि आपल्या कोपऱ्याखाली शिरला. मी सरळ झाले. मागं काकासाहेब काय काय ओरडले ते मला ऐकू आलं नाही, कारण सर्जेराव त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होता, "किती जड झालायस रं तात्या! मजुरी करतूस का नुसता खातूस?"

"तुझ्या... तुझ्या डाव्या बाजूला अक्कल..." तातेरावाला पुढं बोलवेना. मुनीरभाईनं ते पुरं केलं. थावरू हसला, की रडला, माझा मागचा कोपरा हलला एवढं खरं.

नदीत पाणी छातीपर्यंत. केसरबाईच्या तर गळ्यापर्यंत. माझ्यावरून तातेराव तिला सांगत होता, "आधी पाय टेकव. मंग खांदा उचल. घाई न्हाई." माझं सुंभ भिजून आवळत गेलं आणि त्याला खाली सरकू दिलं नाही. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

इथं फाट्यावर एक मालट्रक थांबला. तातेरावाला आणि केसरबाईला घेऊन जालन्याकडं गेला. मी ट्रकात मावले नाही. चौथा कोपरा धरायला कोणी नव्हतं, म्हणून तिघांनी मला या चहाच्या हॉटेलाच्या भिंतीशी लावलं आणि पाणी ओसरल्यावर नेऊ म्हणाले.

तातेरावाचं ऑपरेशन झालं. तो वाचला. पण मला न्यायला कोणी आलं नाही. गावात जीप आहे, बाज कशाला लागते? सर्जेरावाचं पान भावकीनं खरंच बंद केलं होतं, त्याला आणखी बोलणी नको होती. मुनीरभाईला वाटलं थावरू नेईल, थावरूला वाटलं पंचायत नेईल. सगळ्यांच्या मालकीची वस्तू अशीच राहते.

याला आता वर्ष होऊन गेलं. चौघंही या फाट्यावर येतात, गाडीसाठी. राजूरच्या गणपतीला जाताना सर्जेराव येतो. तो पुढं डावीकडंच बसतो. मुनीरभाई बाजारला जाताना उजवीकडं. थावरू आपल्या कोपऱ्यावर नुसता टेकतो. तातेराव आला की आधी दोरी ताणतो आणि मग बसतो. एकाच्या वेळी दुसरा कधी येत नाही. तीन कोपरे रिकामे असले की मी बसलेल्याच्या बाजूला थोडी कलते, आणि तो हात लावून बघतो, पाय मोडला की काय म्हणून. पाय शाबूत आहेत.

तुम्ही कधी निंबखेड्याला गेलात तर एवढा निरोप द्या. चौघांना वेगवेगळा द्या, एकत्र सापडायचे नाहीत. म्हणावं, फाट्यावरची बाज अजून चौघांचं वजन पेलते. एकदा एकाच गाडीला या. आपापल्या कोपऱ्यावर बसा, चहा प्या, डावी बाजू जड आहे की नाही यावर भांडा. आणि यायचं ते कोणी आजारी नसताना या.

ती बघा, गाडी आली. डावीकडून जपून उठा, तिथली दोरी सैल आहे. बऱ्याच दिवसांत तातेराव आलेला नाही.