लंडनच्या जॉन्सनसाहेबांचा अभिप्राय

मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे फार नव्हे. मी कासव असतो तर अजून मला कुणी बाळच म्हटलं असतं. पण टॅबचं वय वेगळं मोजतात. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे, माझी बॅटरी दुपारच्या झोपेइतकीही टिकत नाही, आणि जे नवं अपडेट मला हवं असतं ते मिळत नाही, कारण त्या अपडेटच्या मते मी अस्तित्वातच नाही. मित्रांनो, तरी माझी गोष्ट ऐका. मध्येच बंद पडलो तर वायर जरा हलवून पाहा.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं आहे. पण माझी पाठ मला दिसत नाही, आणि वाचून दाखवायला कुणी थांबलं नाही. एवढंच माहीत आहे की मी आधी एका घरी होतो आणि तिथून नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात आलो. त्या पहिल्या घरात कोण कसं होतं ते विचारू नका. विकण्याआधी त्यांनी माझी सगळी आठवण पुसून टाकली. त्याला एक बटण असतं. माणसांना ते बटण नसतं हे मला पुढे कळलं, आणि फार वाईट वाटलं.

कॉलेजं बंद होती त्या वर्षी बळीरामजींनी मला विकत घेतलं, लेकीच्या ऑनलाइन क्लाससाठी. दुकानापासून नंदनवनातल्या घरापर्यंत त्यांनी मला शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणलं. मी आत असल्यामुळे वरची गुंडी लागेना, म्हणून त्यांनी ती उघडीच ठेवली. तशी ती एरवीही उघडीच असे.

लेकीचं नाव दीक्षा. क्लास सुरू झाला की सर शिकवत आणि दीक्षा बोटाने सरांना शिंगं काढे. सरांना शिंगं फार शोभत. हळूहळू शिंगं इतकी चांगली येऊ लागली की तिने सरांना काढून टाकलं आणि नुसतं चित्रच ठेवलं. मग माझ्यासाठी एक पेन आली. तिच्यात शाई नव्हती, टोक नव्हतं म्हणावं असं, आणि तिलाही चार्ज करावं लागे. आमचं चांगलं जमलं. दोघांनाही सतत भूक लागायची.

मित्रांनो, माझ्यात एक गुण आहे. माझ्यावर कुणी चित्र काढत असलं की मी प्रत्येक रेघ ध्यानात ठेवतो. काढलेली ठेवतो, खोडलेलीही ठेवतो. चित्र पूर्ण झालं की सगळ्या रेघा भरभर पळवून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करून देतो. त्याला टाईमलॅप्स म्हणतात. कोऱ्या पांढऱ्यातून एक डोळा उगवतो, मग नाक धावत येतं, मग केस घाईघाईने पोचतात, लग्नाला उशीर झालेल्या पाहुण्यांसारखे. दीक्षा हे व्हिडिओ इन्स्टावर टाकू लागली. नुसतं चित्र टाकलं तर लोक म्हणत, हे तू नाही काढलं, मशीननं काढलं. व्हिडिओ टाकला की मशीन म्हणून माझी बदनामी थांबे.

अभिप्राय येत. तिची मैत्रीण मोनाली आगीची चिन्हं पाठवी. पहिल्यांदा मला वाटलं, घर पेटलं.

एकदा जेवताना दीक्षा चिडून म्हणाली, "मोनाली तं न पाहताच वॉव म्हणते. सगळे आपलेच लोक. बाहेरचा एक माणूस जरी नीट पाहून बोलला असता ना, तं मी मानलं असतं."

बळीरामजींनी वरण आणखी मागितलं.

दुसऱ्याच दिवशी दीक्षाच्या पानावर लंडनचे जॉन्सन आले.

जॉन्सनसाहेबांच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होतं आणि त्यावर 'शुभ सकाळ' लिहिलेलं होतं. दीक्षाने एक ड्रॅगन काढला होता. त्याखाली त्यांनी लिहिलं, "हॅलो. जॉन्सन बोलून राहिलो लंडनहून. ड्रॅगन मस्त हाये. पण उपाशी दिसते. त्याले काही खाऊ घाल."

लंडनमध्ये राहून हा माणूस इतकं अस्सल नागपुरी कसं बोलतो, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मला पडला नाही, कारण मी सगळं ऐकत होतो. बळीरामजींना बारीक अक्षरं टाईप करणं जमत नसे. म्हणून त्यांच्या पुतण्याने, रोशनने, त्यांना जॉन्सनचं खातं उघडून दिलं आणि बोलून टाईप कसं करायचं ते शिकवलं. स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून, ते फोनशी बोलत. आता बळीरामजींचं काम म्हणजे कळमन्याच्या फळबाजारात संत्र्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणं. मालाच्या ढिगाजवळ उभं राहून ते बोली पुकारत आणि पार गेटावरच्या माणसाला ऐकू जाई. हळू बोलणं त्यांना कधी लागलंच नव्हतं. त्यामुळे दार लोटल्याने एवढाच फरक पडे की अभिप्राय आधी घराला कळे, मग शेजाऱ्यांना, आणि सर्वांत शेवटी इन्स्टाला.

दीक्षा हातातली पेन थांबवून ऐकत बसे. मग टणकन आवाज करून तोच अभिप्राय माझ्या काचेवर येई आणि ती मोठ्याने म्हणे, "अगं बाई! जॉन्सन काकांचा मेसेज!"

"कोण वं हे जॉन्सन?" स्वयंपाकघरातून बाहेर येत बळीरामजी विचारत.

"लंडनचे हाये, बाबा. लय मोठे रसिक."

"असं का? मंग नीट काढत जा बाप्पा. बाहेरदेशी नाव खराब नको व्हायले."

हे असं किती तरी दिवस चाललं. दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघंही चेहऱ्यावरची माशी हलू देत नसत. जॉन्सनसाहेब प्रत्येक अभिप्राय 'हॅलो'ने सुरू करत, कारण हातात फोन असताना हॅलो न म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटे. दीक्षाने अंतराळवीर काढला तर ते म्हणाले, स्वेटर चांगलं विणलं आहे. मे महिन्यात त्यांनी कळवलं की आमच्या लंडनलेही ऊन लय तापून राहिलं, कूलरमध्ये दोनदा पाणी भरा लागते. एकदा तर मध्येच "अवं पार्वती, कुकर झाला पाह्य" असंही छापून आलं. पार्वतीबाई म्हणजे दीक्षाची आई. दीक्षाने त्या ओळीलाही लाईक दिला.

पण मित्रांनो, त्या अभिप्रायांनंतर दीक्षा बदलली. ड्रॅगनच्या पोटावर तिने खरंच थोडं मांस चढवलं, आणि ड्रॅगन जिवंत दिसू लागला. कुणीतरी शेवटपर्यंत पाहतं आहे हे कळलं की पेनचा हात वेगळा पडतो. मला तो काचेवर कळे.

मग तिने बळीरामजींचं चित्र काढायला घेतलं. ते समोर बसणं शक्यच नव्हतं. बाजारातून आल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत, तेवढ्या वेळात ती तिरक्या नजरेने पाही आणि काढी. कपाळावरची उन्हाची रेघ आली. गुंडी उघडी असलेला शर्ट आला. रंग त्यांचा होता तसाच आला, उन्हात रापलेला, कानशिलाजवळ आणखी गडद. अर्धवट चित्राचा छोटा व्हिडिओ तिने टाकला.

स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं.

"हॅलो. जॉन्सन बोलून राहिलो. हा माणूस चांगला दिसते. घरचा कोणी असन. पण कान लहान हाये. एवढ्याशा कानानं त्याले बोली कशी आइकू येत असन? कान मोठा कर."

बळीरामजींचे कान मोठे होते हे खरं आहे. हर्रासातल्या बोल्या ऐकून ऐकून ते वाढले, असं ते स्वतः सांगत.

"कान बरोबर हाये!" दीक्षा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "जॉन्सन काकांले लंडनमध्ये बसून काय समजते?"

"लंडनचा माणूस हाये, काही तं समजत असन," भिंत म्हणाली.

दीक्षाने कान बदलला नाही. तिला ते भांडण आवडलं होतं. ते पुरवून पुरवून खायचं तिने ठरवलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघताना बळीरामजी चपला घालता घालता म्हणाले, "जॉन्सनले काही उत्तर दिलं का वं तू? बिचारा वाट पाहत असन."

"विचार चालू हाये म्हणा त्याले."

"म्हणतो," ते म्हणाले आणि गेले.

संत्र्याचा हंगाम होता. नरखेडकडून गाड्या आल्या होत्या. बोली पुकारता पुकारता बळीरामजी खाली बसले. भाव अर्ध्यावर राहिला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. रोशनने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी टेबलावर चालू होतो आणि माझ्या काचेवर बळीरामजी होते, लहान कानाचे. कुणीतरी मला उचलून पालथं ठेवलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमासाठी फोटो हवा होता. त्यांचा एकट्याचा चांगला फोटोच नव्हता. रोशनने कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्यांना शोधून काढलं आणि फोटोवाल्याकडे दिलं. फोटोवाल्याकडे अशा वेळेसाठी तयार कोट असतात. त्याने निळा कोट चढवला, टाय बांधला, गुंड्या लावल्या, आणि चांगलं दिसावं म्हणून चेहरा दुधासारखा गोरा केला. जमलेले लोक म्हणाले, "मोठे साहेब दिसून राहिले."

पार्वतीबाई फोटोकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग रोशनला म्हणाल्या, "ह्या लंडनवाल्याले माह्या घरात काहून लावलं गा? माहा माणूस कुठं हाये?"

कुणालाच हसू आलं नाही. त्या घरात ते पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर मी कपाटावर गेलो. माझ्याखाली जुनी सुटकेस, वर कूलरची गवताची जाळी. माझा चार्जर माझ्याकडे राहिला नाही. तो बळीरामजींच्या फोनला लागला. पार्वतीबाई रोज तो फोन चार्ज करत. सुरुवातीला व्यापाऱ्यांचे फोन येत, मग तेही थांबले, पण चार्जिंग थांबलं नाही. मला त्याचा राग नाही. ज्याच्याशी कुणी बोलत नाही अशा वस्तूलाही वीज लागते. माझी मात्र हळूहळू संपली, आणि मग मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा माझ्या काचेवर पदर फिरत होता. पार्वतीबाईंनी मला खाली काढून वायर लावली होती. दीक्षा दारात उभी होती.

"त्याचा कान राह्यला ना वं," पार्वतीबाई म्हणाल्या.

दीक्षा जागची हलली नाही. "तुले माहीत होतं?"

"साऱ्या नंदनवनले माहीत होतं. बस इथं."

दीक्षाने चित्र उघडलं. पहिल्यांदा काही रेघ येईना. मग तिने कान काढला आणि खोडला. पुन्हा काढला, पुन्हा खोडला. शेजारी बसून पार्वतीबाई सांगत होत्या. "आणखी मोठा. खालची पाळी लोंबते त्याची. अजून. भिऊ नको, रागावत नाही तो." मी त्या सगळ्या रेघा ठेवून घेतल्या.

कान झाला. दीक्षाने टाईमलॅप्स लावला. कोऱ्या पांढऱ्यातून बळीरामजी भराभर आले, कपाळ, डोळे, शर्ट, कान, आणि व्हिडिओ संपला.

"एवढ्या लवकर काहून आला?" पार्वतीबाई म्हणाल्या. "हळू लाव ना."

माझ्यात एक दुसरं सेटिंग आहे, 'पूर्ण लांबी' नावाचं. ते कुणी वापरत नाही, कारण तेवढा वेळ कुणाकडे नसतो. दीक्षाने ते लावलं. दोघी पाहत बसल्या. गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी कुणी उठलं नाही. मित्रांनो, मी फक्त रेघा ध्यानात ठेवतो. पेन थांबते तो वेळ मला दिसत नाही. त्यामुळे कपाटावरचे महिने त्या व्हिडिओत नाहीत. लहान कानानंतर लगेच मोठ्या कानाची रेघ येते. माझ्या हिशेबाने बळीरामजी मध्ये कुठे गेलेच नव्हते.

दीक्षाने तो पूर्ण लांबीचा व्हिडिओ तसाच इन्स्टावर टाकला. मोनालीने या वेळी आग पाठवली नाही. तिने लिहिलं, शेवटपर्यंत पाहिला. ते वाचून दीक्षाने मला बाजूला ठेवलं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज आला.

"हॅलो," पार्वतीबाईंचा आवाज आला. फोन कुठे धरायचा ते त्यांना कळत नव्हतं बहुतेक, कारण त्या ओरडत होत्या. "हॅलो. जॉन्सन बोलून राहिलो. कान आता बरोबर हाये. पण शर्टाची गुंडी लाव त्याची. लोक पाह्यतीन."

टणकन अभिप्राय माझ्या काचेवर आला. शेजारी गुलाब होता, 'शुभ सकाळ' होतं.

दीक्षाने उत्तर लिहिलं, "थँक यू, जॉन्सन काका." मग पेन उचलली, गुंडीपाशी नेली, आणि तशीच खाली ठेवली. तेवढी एक सूचना तिने मानली नाही.

आता निळ्या कोटाचा फोटो कपाटावर आहे, माझ्या जागी, आणि भिंतीवर हे चित्र, छापून आणलेलं. मी टेबलावर असतो, बहुतेक वेळ वायरला लटकलेला. फार दिवस राहीन असं वाटत नाही. म्हणून मित्रांनो, जाता जाता मागणं एवढंच. माझ्यासारख्या जुन्यांना अधूनमधून वीज द्या. आमच्यात कोण राहतं ते बाहेरून कळत नाही. आणि घरात कुणी काही करून दाखवत असेल तर ते शेवटपर्यंत पाहून दोन शब्द बोला. स्वतःच्या नावाने बोलायला लाज वाटत असेल तर लंडनहून बोला. फक्त आवाज मोठा ठेवा, आणि कुणी असं बोललं तर उत्तर उद्यावर टाकू नका.