मीटरबाबांच्या दुपारी

आमच्या इमारतीत मला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की बंदबाई. जिन्यातला दिवा बंद करा, गळका नळ बंद करा, रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा, असं मी येता-जाता सगळ्यांना ऐकवायचे म्हणून. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट जरा अभिमानच होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. पृथ्वी कशी तापते आहे ते फळ्यावर काढून दाखवायचं आणि घरी येऊन एसी लावून झोपायचं, असलं लोकां सांगे ब्रह्मज्ञान मला जमलं नसतं. मी गाडी विकली, विमानप्रवास सोडला, चार वर्षांत अंगावर नवा कपडा घेतला नाही. नवऱ्याने आधी कुरकुर केली, मग कुरकुरही सोडली. तो छापखान्यात दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात असतो, घरी त्याला शांतता मिळाली की पुरे.

खालच्या फळ्याची कल्पना माझीच. तळमजल्यावर टपालपेट्यांशेजारी तो टांगला होता. दर महिन्याला चोवीस घरांचे विजेचे युनिट त्यावर लिहायचे. मागच्या महिन्यापेक्षा ज्याने सर्वांत जास्त कपात केली त्याचा पहिला नंबर, आणि ज्याचे वाढले त्याचा आकडा लाल खडूने. वर मी वळणदार अक्षरात ‘थेंबे थेंबे तळे साचे’ लिहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावर बाळ जन्मलं तेव्हा त्या घराने पाणी तापवण्यापुरती सूट मागितली. मी दिली नाही. एकाला दिली की चोवीस कारणं तयार होतात, असं मी भर बैठकीत म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ती बाळंतीण पुढे जिन्यात भेटली की भिंतीकडे बघून जायची.

सासरे आमच्याजवळच राहत. मी त्यांना बाबा म्हणायचे, बाकी अख्खा भाग मीटरबाबा. चाळीस वर्षं त्यांनी दारोदार फिरून विजेचे मीटर वाचले होते. मागचा आकडा, आजचा आकडा, वजाबाकी. वही उघडायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे. जिन्यांखालची धूळ म्हणा की तरुणपणीच्या सिगारेटी म्हणा, त्यांची फुफ्फुसं गेली, आणि हिवाळा सरता सरता डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं. उशाशी ठेवायचं, लहान कपाटाएवढं, हवेतून ऑक्सिजन गाळून नळीने नाकात सोडणारं. दिवसाचे सोळा तास लावायचं, कमी नाही. रात्रीचे आठ आणि आम्ही दोघं कामावर असतो ते दिवसाचे आठ, असा हिशेब बाबांनी स्वतःच बसवला. संध्याकाळी घरात माणसं असताना त्यांना नाकातली नळी नको वाटायची. मला ते पटलं.

यंत्र काही वाऱ्यावर चालत नाही. पहिल्याच महिन्यात आमचे युनिट जवळजवळ चौपट झाले. फळा लिहायचं काम माझंच, त्यामुळे आमच्या नावापुढे लाल आकडाही मीच लिहिला, चोविसावा नंबर. तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर शेजारी उभा राहून बघत होता. तो म्हणाला, तुमचं कारण वेगळं आहे मॅडम, तुम्ही सूट घ्या. मला ती सूट हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण बाळंतीण पेटीतून टपाल काढत तिथेच उभी होती. मी म्हणाले, नियम म्हणजे नियम.

वर येऊन मी पिशवी टेबलावर आदळली आणि नवऱ्याला म्हणाले, “चार वर्षांची मेहनत एका महिन्यात पाण्यात गेली.” एवढंच. कोणाला उद्देशून नाही. बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून मी कंबर कसली. आधी फ्रिज रिकामा करून बंद केला, पुढच्या महिन्यात इस्त्री, मग अंघोळीचं गरम पाणी. चुरगळलेल्या कपड्यांनी शाळेत गेले, मुलं फिदीफिदी हसली, मी त्यावरही एक धडा घेतला. आणि युनिट खरंच उतरले. कपातीत पहिला नंबर आमचा. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिला. बैठकीत मी वीस मिनिटं फ्रिजशिवाय कसं जगावं यावर बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दातांच्या डॉक्टरचं तोंड एवढंसं झालं होतं. बाबांना जिना उतरवत नसे, म्हणून मी वर आल्यावर ते खोदून खोदून विचारायचे. कोण काय म्हणालं, डॉक्टर काय म्हणाला, टाळ्या किती वेळ वाजल्या. मी त्यांच्या पलंगावर बसून सगळं नकला करून सांगायचे. लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती, पण आमचं इतकं कधी जमलं नव्हतं.

पहिला नंबर टिकवायचा तर दर महिन्याला आणखी कमी करावं लागतं. हा नियमही मीच केलेला. तिसऱ्या महिन्यातही आम्ही पहिले आलो.

त्याच सुमारास बाबा वर्तमानपत्र हातात धरून झोपी जाऊ लागले. त्यांचे ओठ काळसर दिसायचे, चप्पल पायात जाईना इतके घोटे सुजायचे. वाक्याच्या मध्येच थांबून ते ‘काय म्हणत होतो मी?’ असं विचारायचे. मी म्हणायचे, वय झालं, त्यात हा उन्हाळा. उन्हाळा खरोखर भयंकर होता. माझं म्हणणं कसं खरं ठरतंय, हे मी त्यांच्याच उशाशी बसून त्यांना सांगत होते.

मग एका शनिवारी यंत्रवाला आला. दर दोन महिन्यांनी तो जाळी साफ करायला येई. सुट्टी असल्यामुळे या खेपेला मी घरात होते. त्याने यंत्र फिरवलं, मागच्या लहान खिडकीत बॅटरी मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बाई, हे किती तास लावता?”

सोळा, मी म्हणाले.

“मागच्या वेळी आठशे सत्तर होते, हा बघा कागद, मीच चिकटवलाय. आज चौदाशे दहा.”

यंत्रालाही मीटर होता, तो किती तास चाललं ते मोजत होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे मीटर वाचणाऱ्या माणसाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. मी पलंगाकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. वजाबाकी त्यांची आधीच झाली होती.

साठ दिवसांत पाचशे चाळीस तास. दिवसाला नऊ. आम्ही घराबाहेर पडलो की ते बटण बंद करत होते. आधी तीन तास, मग सहा, आणि शेवटी आम्ही परत येईपर्यंतचा अख्खा दिवस. फ्रिजने नव्हे, इस्त्रीने नव्हे, माझ्या सासऱ्यांनी श्वास तोडून आमचा नंबर आणला होता. आणि मी मुलांना वॅट गुणिले तास शिकवते. एक गुणाकार केला असता तरी कळलं असतं की एवढी कपात फ्रिजमधून निघत नाही. चोवीस घरांचे दिवे मोजत फिरले, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

यंत्रवाला गेल्यावर मी ओरडले. त्यांच्यावर ओरडले, लाज वाटते सांगायला. अक्कल आहे का, असं मी त्या माणसाला विचारलं, ज्याला मी कधी उलटून बोलले नव्हते. तुम्ही असं करूच कसं शकता, आमचा विचार केलात का, उद्या काही झालं असतं तर. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मधे मधे दम खाल्ला.

“तू सांगतेस ते खरं आहे ना, पोरी? पुढे आणखी तापणार आहे ते?”

“आहे.”

“मग सगळ्यांनी थोडं थोडं सोडायचं. मीही घरातलाच आहे. माझ्याकडे सोडण्यासारखं दुसरं काय होतं?”

हेच मी चार वर्षं सगळ्यांना सांगत होते.

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. ऑक्सिजन कमी पडत गेल्यामुळे हृदयाची उजवी बाजू थकली होती. यंत्र आता चोवीस तास लावा, ते म्हणाले, पण गेलेलं भरून येत नाही. किती दिवस, असं नवऱ्याने विचारलं. डॉक्टर गोळ्यांची नावं लिहीत राहिले.

मी खाली जाऊन फळा पुसला. दातांचा डॉक्टर जिन्यात भेटला, त्याला मी सगळं खरं सांगितलं, एक शब्द न लपवता. त्याने मला धीर द्यायचा प्रयत्न केला. तुमचा हेतू चांगला होता, असं तो म्हणाला. हेतू वाईट असता तर बरं झालं असतं, निदान कोणीतरी मला वेळेवर थांबवलं असतं. दुसऱ्या मजल्यावर जाऊन मी बाळंतिणीचं दार वाजवलं आणि तिची माफी मागितली. कडेवरच्या बाळाला थोपटत ती, बसा म्हणाली. मला बसवलं नाही.

शाळेतून मी रजा घेतली. आता यंत्र दिवसभर घुमत असे आणि मी शेजारी बसून असे. नवरा रोज संध्याकाळी येऊन बाबांचे पाय चेपायचा आणि माझ्याकडे पाहायचं टाळायचा.

एका संध्याकाळी बाबांना जरा हुशारी वाटत होती. त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

“एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा, बाबा.”

“पहिला नंबर आला तेव्हा तुला बरं वाटलं होतं?”

नाही म्हणणं सोपं होतं, आणि चांगलंही दिसलं असतं. पण नाही म्हणाले असते तर गेले तीन महिने एकट्याने, खिडकीशी बसून, दम कोंडत काढलेली त्यांची एकेक दुपार फुकट गेली असती. आणि ते खोटंही झालं असतं.

“हो,” मी म्हणाले. “खूप बरं वाटलं होतं.”

“मग झालं तर,” बाबा म्हणाले, आणि समाधानाने कुशीवर वळले.

त्यानंतर बाबा अठरा दिवस होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. मी रोज त्याची वाट पाहिली.